पठारावरची भरती

नव्या माडबंदरात त्या दिवशी भरती दुपारच्या चहाला आली. गल्लीगल्लीत उभ्या असलेल्या गंधस्तंभांनी हलकेच हवा सोडली, आणि खारट वारा, ओलं शेवाळ, नुकतंच ओढलेलं जाळं असा सगळा मिळून एक वास ओट्यांवरून घराघरांत शिरला. ओट्यावर पेंगणारे म्हातारे जागे झाले. कुणी सवयीनं पँटची टोकं वर दुमडली. खऱ्या समुद्राला या भरतीची गंधवार्ताही नव्हती. तो इथून चारेकशे किलोमीटर पश्चिमेला होता. इथं नजर पोचेल तिथवर लातूरकडची काळी जमीन होती, तिच्यात ज्वारी आणि करडई उभी होती, आणि आजूबाजूच्या गावांतले लोक या कोकण्यांच्या वस्तीवरून जाताना नाकाला रुमाल लावत होते.

प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभं राहून डॉ. दुर्वा कुबलनं तो वास छातीभर घेतला. हा वास तिनंच बांधला होता. कोकणातलं जुनं माडबंदर चढत्या समुद्राखाली जाणार हे नक्की झालं तेव्हा बाकीचे लोक भांडीकुंडी आणि देव बांधत होते, आणि मेंदू व घ्राणेंद्रियाच्या अभ्यासात उभी हयात घालवलेली ही बाई खाडीचा चिखल, माडाची सोडणं आणि सुकत घातलेल्या बांगड्यांचे वाफारे बाटल्यांत भरून घेत फिरत होती. लोक हसले तिला. मग सरकारनं अख्खं गाव उचलून या पठारावर आणून वसवलं. पक्की घरं, नळाला पाणी, शाळा, सौरप्रकल्पात काम, कशाची म्हणून कमी नव्हती. तरीही पहिल्याच वर्षी माणसं एकेक करून निघून जायला लागली. परत किनाऱ्यावर जाऊन टेकडीवर पत्र्याच्या शेडमध्ये राहत, पण इथं राहत नसत. तेव्हा दुर्वानं बाटल्या बाहेर काढल्या आणि त्यांतले वास प्रयोगशाळेत हवे तेवढे बनवून घेतले. गंधस्तंभ उभे राहिले, खऱ्या भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना जोडल्या गेल्या, आणि माणसं थांबली.

आता त्याला आठेक वर्षं झाली होती. देशभरातून तज्ज्ञ हे गाव बघायला येत. इथं जन्मलेली पोरं शाळेच्या सहलीला गेली की दुसऱ्याच दिवशी परत यायचा हट्ट धरतात, हे पाहुण्यांना आवर्जून सांगितलं जाई. गावानं मूळ धरल्याची याहून मोठी खूण कोणती?

सगळ्यांनी मात्र मूळ धरलं नव्हतं. काही माणसं स्तंभाला टेकून बसली तरी आतून उपटल्यासारखीच राहिली. आणि त्यांतला एक दुर्वाचा सख्खा भाऊ होता.

"दादा, डोळे मीट," ती म्हणाली.

"मिटलंय."

गौरेशच्या कपाळावर ओढमापकाची पट्टी होती. माणसाला घरची ओढ लागते तेव्हा मेंदूतला एक ठरावीक भाग सारखा पेटता राहतो. ती धग हे यंत्र मोजत असे. घरचा वास आला की धग उतरते आणि पडद्यावरची रेघ खाली येते. दुर्वानं नळी उघडली. खाडीचा वास गौरेशच्या नाकाशी गेला. रेघ होती तिथंच राहिली.

"बाय, वास बरो आसा," गौरेश डोळे मिटूनच म्हणाला. "खोटा कित्या सांगू? पण ह्यो नाकातच रवता, आत उतारणा नाय."

"मगे तुका होया तरी काय?"

"माका घराक जावचा आसा, इतक्याच कळता. घर खय आसा, ता कळणा नाय."

दुर्वानं पट्टी काढली. त्याच्या कानामागची हाडं वर आली होती. एके काळी हा माणूस एकट्यानं होडी वाळूवर ओढायचा. आता दोन घास खाऊन ताट सरकवत होता, आणि गावातल्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषधानं भरून येईल असं हे दुखणं नाही, आणि असंच चाललं तर पुढचा उन्हाळा तो काढणार नाही. वहिनी गेल्यापासून दादानं हाय खाल्ली, असं सगळे म्हणत. दुर्वाला ते पटत नव्हतं. वहिनी होती तेव्हाही, जुन्या माडबंदरातसुद्धा, हा संध्याकाळी बंदरावर समुद्राकडे पाठ करून बसायचा. तेव्हा सगळे त्याची थट्टा करायचे, आणि त्यात ती सगळ्यांत पुढे असे.

इथून तो तीनदा निघून गेला होता. तिन्ही वेळा पश्चिमेची गाडी पकडली, समुद्र बघून येतो म्हणाला आणि समुद्र न बघताच परत आला. बुडालेलं गाव बघायचं धाडस होत नसेल बिचाऱ्याला, असं तिनं मानलं होतं.

* * *

डॉ. वैजनाथ नागरगोजे मूळचे बीडचे. माणसं एक मुलूख सोडून दुसऱ्या मुलखात का जातात, हा त्यांचा विषय, आणि या विषयावर त्यांना बोलतं करण्यापेक्षा गप्प करणं अवघड. प्रयोगशाळेमागच्या टपरीवर रोज त्यांचा आणि दुर्वाचा चहा होई.

"काम, पाणी, लग्न, शिक्षण, भांडणतंटा," वैजनाथ म्हणाले. "हे सगळं माणूस उठतो का ते सांगतं, मॅडम. तो जाऊन कुठं टेकतो, आणि टेकल्यावर त्याला तिथं बसवत का नाही, ते नाही सांगत. सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच पगाराचे दोघं भाऊ. एक परमुलखात रुजतो, दुसरा चार शहरं हिंडतो आणि पाचव्याच्या वाटेला लागतो. विचारा त्याला का, तर म्हणतो, पगार बरा मिळाला. पगार काय, सांगायचं कारण."

"आपल्याकडे न रुजलेले जवळजवळ सगळे थोरलेच निघाले," दुर्वा म्हणाली. "घरातलं पहिलं मूल. धाकटी मजेत आहेत."

"थोरल्यांवर घराचा भार असतो. त्यांना गाव जास्त लागतं."

"माझ्या दादावर कसला भार? धाकटी असून घरचा हिशेब मी बघत होते. हा होडीत गाणी म्हणत होता."

वैजनाथ हसले आणि त्यांनी कप नाकाशी नेला. टपरीवाल्यानं आज गुळाचा चहा केला होता. ते पिईनात, नुसता वास घेत राहिले. चेहरा असा सैल पडला की दुर्वानं विचारलंच, काय झालं म्हणून.

"काही नाही हो. लहानपणापासूनचं खूळ आहे. गुळाचा, उसाच्या पाचटाचा वास आला की मला घरी आल्यागत होतं. दिवाळी झाली, कारखान्यांचं गाळप सुरू झालं की मी काही ना काही काम काढतो आणि सांगलीकडं जातो. उसाच्या फडाशेजारी गाडी लावतो. वर्षभराची झोप तिथं लागते. बायको म्हणते, तुमची तिकडं काहीतरी भानगड हाय."

"तुमचं गाव उसाचं?"

"कुठलं! पाटोद्याच्या डोंगरात आमचं गाव. उसाचं टिपरू उगवत नाही. मी पोटात होतो त्या साली दुष्काळ पडला. आई तेव्हा पहिल्यांदा तोडीला गेली, मला पोटात घेऊनच. सांगलीकडंच फडातल्या पाचटाच्या कोपीत जन्मलो मी."

"म्हणजे तुम्ही थोरले."

"छे, मी चौथा. वरची तिघं गावातच जन्मली, आईचं माहेरही तिथलंच. ती अजून गावातून हलत नाहीत. धक्के मारून काढलं तरी."

दुर्वानं कप खाली ठेवला. चौथा. मग थोरलेपणाचा यात काही संबंधच नव्हता. थोरलेपणाच्या आडून दुसरंच काही तरी त्यांच्याकडे बघत होतं, आणि ते इतकं घरगुती होतं की दोन शिकलेल्या माणसांना ते दिसू नये.

"वैजनाथ, शेवटच्या तीन महिन्यांत पोटातल्या बाळाचं नाक जागं झालेलं असतं," ती सावकाश म्हणाली. ती स्वतःलाच सांगत होती. "आई जे खाते, ज्या हवेत श्वास घेते, त्यातला गंध तिच्या रक्तातून गर्भजलात उतरतो. बाळ ते पाणी सतत गिळत असतं. हे नवं नाही, पुस्तकात आहे. पण समजा, तेव्हाच मेंदूवर एक ठसा उमटत असेल, की हा वास म्हणजे सुखरूप जागा, हा वास म्हणजे घर. गर्भगंध म्हणू त्याला. डोळे उघडायच्या आधीच घर ठरलेलं. मग पुढं आयुष्यभर माणूस कुठंही राहिला तरी आतलं यंत्र तोच वास शोधत राहणार."

"बरं. माझं जुळलं. पण थोरल्यांचं?"

"आपल्याकडे पहिलं बाळंतपण कुठं होतं?"

"माहेरी," वैजनाथ म्हणाले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की लेक माहेरी जाते, हे काय कुणी सांगायला हवं! पहिलं मूल आईच्या गावात जन्माला येतं. पुढची बापाच्या गावात.

"आपण सगळ्यांना विचारलं, गाव कुठलं," दुर्वा म्हणाली. "आणि सगळ्यांनी बापाचं गाव सांगितलं. मीसुद्धा दादाचं गाव माडबंदरच धरलं. आईचं गाव कुठलं, हे कुणाला विचारलंच नाही."

"आईचं गाव कोण विचारतं, मॅडम," वैजनाथ म्हणाले, आणि त्यांचा चहा गार होऊन गेला.

* * *

दुर्वाच्या आईचं माहेर घाटावर, आजऱ्याजवळच्या एका वाडीत होतं. दुर्वा तिथं लहानपणी दोनतीनदाच गेलेली. तिला आठवत होता तो डासांचा त्रास. आता ती गाडी घेऊन गेली आणि मामांच्या नातवंडांनी आत्या आली म्हणून मोठ्या अगत्यानं उतरवून घेतलं. तिनं अंगणातली लाल माती घेतली, चुलीतल्या ओल्या फाट्यांचा धूर घेतला, गोठ्याची हवा घेतली. सुगीत तिथं घनसाळ भात शिजतो तेव्हा तीन घरांपलीकडे वास जातो. तो वाफारा तिनं झाकणाखालून नळीत ओढून घेतला. बाटल्या भरणाऱ्या या बाईकडे इथले लोकही हसले. तिला आता सवय होती.

गौरेशला तिनं काहीच सांगितलं नाही. पट्टी बांधली, डोळे मिटायला लावले, नळी उघडली.

रेघ खाली आली. एरवी लोकांची उतरते तशी हळूहळू नाही, एकदम खाली आली आणि तिथं थांबली. गौरेशच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तो हुंदका देत नव्हता, तोंड वेडंवाकडं करत नव्हता. नुसतं पाणी येत होतं.

"ह्यो वास खयसून हाडलंस?" त्यानं विचारलं.

"आवशीच्या गावासून."

त्यानं कपाळावरची पट्टी स्वतःच सोडली. मग म्हणाला, "समुद्राक म्हणान जाय होतंय आणि घाटार गाडी थांबली की उतरान बसा होतंय. फुडे जावसाच वाटा नाय. तुमका काय सांगतलंय? तुम्ही माका येडो म्हटला असता." त्यानं डोळे पुसले. "बाय, पेज आसा काय गो? माका भूक लागली."

दुर्वानं त्याला पेज करून घातली आणि तो जेवताना ती समोर बसून राहिली. जिवंत माणूस दोन घास मागून घेतो यात एवढा आनंद असतो हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. महिन्याभरात तो आजऱ्याला मामांच्या वाडीत राहायला गेला. त्याला निरोप देताना तिला एवढंच वाईट वाटलं, की पन्नाशी उलटेपर्यंत तिचा भाऊ तिच्याच घरात परका होता आणि ती त्याची थट्टा करत होती.

बाकीच्या थोरल्यांचीही मग आजोळं शोधली गेली. कुणी तिकडे गेलं, कुणी तिथला वास घरात ठेवून इथं रुजलं. वैजनाथ तर हवेतच होते. "मॅडम, आपण म्हणतो माणसं गाव सोडून चालली," ते ज्याला त्याला सांगत. "त्यातली कितीतरी परत चाललेली असतात. त्यांना स्वतःला पत्ता नसतो एवढंच."

* * *

शाल्मली, दुर्वाची एकुलती एक लेक, नागपूरला दिलेली. तिला सातवा लागला आणि ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गाडीतून उतरली ती घरातही शिरली नाही, ओट्यासमोरच्या गंधस्तंभाखाली बसली. नेमकी भरतीची वेळ होती.

"आत ये गो, पाय धू," दुर्वा दारातून म्हणाली.

"थांब गे आई. तिकडे म्हयनेच्या म्हयने ह्या वासासाठी जीव जाय होतो." शाल्मलीनं पोटावर हात ठेवला आणि हसत डोळे मिटले. "आता मी एकटी नाय. दोघांसाठी श्वास घेतंय."

दुर्वाच्या हातात लेकीवरून ओवाळून टाकायचा भाकरतुकडा होता. तो हातातच राहिला.

दोघांसाठी. तिच्या लेकीच्या पोटातलं बाळ या क्षणी खाडी पीत होतं. शेवाळ, चिखल, सुकत घातलेले बांगडे. पुढचे तीन महिने ते हेच पिणार आणि त्याच्या डोक्यात कायमचं कोरलं जाणार, की हे घर. आणि ते घर तर समुद्राच्या तळाशी होतं. आसपासच्या खाड्याही बुडाल्या होत्या, या वासाची जागा पृथ्वीवर उरलेलीच नव्हती. दादाला निदान आजरं होतं. पन्नास वर्षांनी का होईना, बसमधून उतरून तो तिथं जाऊ शकला. हे मूल कुठं जाणार? त्याला कुठल्या गाडीत बसवायचं?

आणि सहलीहून दुसऱ्या दिवशी रडत परत येणारी ती पोरं! त्यांनी पठारावर मूळ धरलं नव्हतं. त्यांना स्तंभापासून तोडलं की त्यांचा गौरेश होत होता.

तिनं लेकीला हाताला धरून उठवलं आणि तडक घरात नेलं. दारं-खिडक्या लावल्या. शाल्मली विचारत राहिली, काय झालं, काय झालं. संध्याकाळी वैजनाथ आले तेव्हा दुर्वा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली होती. तिनं सांगितलं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"शाल्मलीला माझ्या घरी पाठवा," ते म्हणाले. "पाटोद्याला. बायको सगळं करील."

"पाठवीन. पण गावातल्या किती लेकी आहेत? मुंबईला दिलेल्या, पुण्याला दिलेल्या, सगळ्या पहिल्या खेपेला इथंच येणार. त्यांची पहिली, आणि इथल्या सुनांची दुसरी-तिसरी. एकाही पोराला जायला गाव नाही, वैजनाथ. मी एक अख्खी पिढी बेघर करते आहे, आणि लोक मला त्याबद्दल हार घालताहेत."

"स्तंभ बंद केले तर म्हातारी माणसं?"

म्हाताऱ्यांचं ते बोलत होते, पण दुर्वाला दिसत होती ती स्वतः. ती धाकटी. खाडीवर जन्मलेली, खाडीच्याच पाण्यानं घडलेली. हे स्तंभ तिनं गावासाठी बांधले असं सगळे म्हणत. पण पहिल्या वर्षी रोज सकाळी उशीत तोंड खुपसून रडणारी बाई कोण होती, ते तिला पक्कं माहीत होतं.

* * *

देवळासमोर सगळं गाव जमलं. दुर्वानं काही लपवलं नाही. गर्भगंध म्हणजे काय, गौरेशला काय झालं होतं, पोरांना काय होणार आहे, सगळं सांगितलं. सुरुवातीला कुणाला पटेना. मग एकेकाला आपापल्या घरातलं थोरलं माणूस आठवायला लागलं आणि गलका कमी होत गेला.

वंदनाकाकी गावात सगळ्यांत वडील. उभं आयुष्य तिनं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली होती. ती उठली.

"एकदा दर्यान बुडवल्यान आमका," ती म्हणाली. "आता तू बुडवतंस, दुर्वा?"

"होय काकी."

एवढं सरळ उत्तर काकीला अपेक्षित नसावं. वैजनाथ घाईघाईनं पुढं झाले. एक बंद खोली बांधू, ते म्हणाले, वडीलधाऱ्यांनी तिथं जाऊन बसावं, हवा तेवढा वास घ्यावा, बाहेर काही येणार नाही.

"कोंडलेली खाडी आमका नको," काकी म्हणाली. "वास कोंडलो काय कुसता. आमका काय, आठवणी आसत. डोळे मिटले काय सगळा दिसता. त्या पोरांका काय दिसतला?" ती खाली बसली आणि पुन्हा अर्धवट उठली. "बंद करतलंस तर भरतीर कर. सुकतीर नको. सुकतीर माणसा जातत."

भरतीवरच बंद करायचं ठरलं, ओहोटीवर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर यायच्या सुमाराला भरती होती. माणसं आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून ओट्यांवर येऊन बसली. शाल्मली पाटोद्याला निघायची होती, पण तिनं हट्ट धरला की स्तंभ बंद झाले तर जायचंच कशाला. दारं लावून ती आत बसली होती. दुर्वानं नियंत्रणपेटी उघडली. खारा वारा आला, शेवाळ आलं, जाळं आलं. तिनं तो शेवटचा श्वास जितका धरवेल तितका धरून ठेवला, आणि कळ खाली ओढली.

स्तंभ थांबले. वास एकदम गेला नाही. गल्लीतून आधी गेला, मग ओट्यांवरून, मग कपड्यांतून. हळूहळू पठाराचा वारा आत आला. इतकी वर्षं तो गावाच्या वेशीबाहेर ताटकळत होता. काहीसा कडवट, तेलकट, उन्हानं तापलेला वास होता तो.

"हा कसला?" दुर्वानं विचारलं.

"करडई फुललीय," वैजनाथ म्हणाले.

तिला तो मुळीच आवडला नाही. पण ती घराकडे गेली आणि तिनं खिडक्या उघडल्या. "आता घे," ती लेकीला म्हणाली, "जोरान श्वास घे." शाल्मली आज्ञाधारकपणे श्वास घेऊ लागली, आणि दुर्वाला छातीत रितं रितं वाटलं. आता आयुष्यभर हे असंच राहणार होतं. ठीक होतं. ती ते घेऊन जगेल. निदान ओढ कशाची लागली आहे ते तिला माहीत होतं.

बाहेर म्हातारी माणसं डोळे मिटून बसली होती. वंदनाकाकी कसलंसं पुटपुटत होती. रडत कुणीच नव्हतं.

रडणं शेजारच्या घरातून आलं. मग पलीकडच्या. मग मागच्या गल्लीतून. दुर्वा धावत ओट्यावर आली. शेजारचा थोरला, साताऱ्याच्या आजोळी जन्मलेला, पायरीवर बसून खुशाल पेरू खात होता. त्याची धाकटी बहीण, इथंच, याच पठारावर जन्मलेली वेदा, स्वतःच्या दारात उभी होती आणि रडून रडून तिचा श्वास अडकत होता. समुद्र तिनं पुस्तकातल्या चित्राशिवाय कधी पाहिला नव्हता.

"आई, घराक जावया," ती म्हणत होती. "माका घराक जावचा आसा."

"ह्याच तुझा घर मगे," तिची आई कासावीस होऊन म्हणाली. "ह्या काय, बघ."

वेदानं मागे वळून घराकडे पाहिलं. दार पाहिलं, आत लटकणारं स्वतःचं दप्तर पाहिलं. आणि मान हलवली.

वैजनाथ दुर्वाच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. "ती बंद खोली," दुर्वा त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "बांधायला घ्या. म्हाताऱ्यांसाठी नको. यांच्यासाठी."

"किती वर्षं चालवायची?"

"ही पोरं म्हातारी होईस्तोवर."

ती पायऱ्या उतरली. वेदाला उचलून तिनं आपल्या ओट्यावर नेलं, मांडीवर घेतलं. या पोरीचं घर कुठं आहे हे तिच्या आईला सांगता येणार नव्हतं, ती बिचारी साताऱ्याची. दुर्वाला येणार होतं.

"तुझा घर माका म्हायत आसा," ती म्हणाली. "ऐक. खाडीच्या तोंडार एक माड होतो. वाकडो. तेका आमची होडी बांधलेली असायची..."

वेदा रडायची थांबली आणि ऐकू लागली. मग हळूहळू मागच्या गल्लीतली पोरंही येऊन पायऱ्यांवर बसली. करडईचा वारा सुटला होता. दुर्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं सांगणं थांबवलं नाही.